चप्पल स्टँडवर संसार

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण टॉमकॅटशी नाही, रेडिसशीही नाही. भांडण आहे ते "सेशनमध्ये टाक ना" या तीन शब्दांशी. आपल्या धंद्यात याहून महाग पडलेले तीन शब्द दुसरे नसतील.

कसं होतं बघा. ॲप्लिकेशन एका सर्व्हरवर असतं तेव्हा सगळं छान चालतं. लोड वाढतो, एकाचे चार सर्व्हर होतात, पुढे लोड बॅलन्सर बसतो आणि लोक मध्येच लॉग-आउट व्हायला लागतात. मग मीटिंग. "रिप्लिकेशन चालू करा." "छे, रेडिस आणा." "अहो, स्टिकी करा आणि विषय संपवा." दोन तास चर्चा होते ती सेशन कुठे ठेवायचं याची. सेशनमध्ये आहे काय, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी हे विचारा. उत्तर नीट असेल तर कॉन्फिगरेशन हे साधं काम आहे. नसेल तर कुठलंच कॉन्फिगरेशन तुम्हाला वाचवणार नाही.

मुळात सेशन आलं कुठून? एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याला नवी. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी काढली. देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. बिल्ला तुमच्या खिशात, चपला स्टँडवर. कुकीत जाणारा सेशन आयडी म्हणजे बिल्ला, आणि सर्व्हरच्या मेमरीत असलेलं सेशन म्हणजे चपला. व्यवस्था झकास आहे, पण लोक तिथे चपलाच ठेवतात तोवर. आपण काय ठेवतो? युजरचा सगळा प्रोफाइल, सर्चमधून आलेली पाचशे ओळींची लिस्ट, पाच पानी फॉर्मची भरून झालेली चार पानं, वर तयार रिपोर्टची पीडीएफ. म्हणजे अख्खा संसारच स्टँडवर!

आणि मग या संसाराच्या प्रती काढायच्या. टॉमकॅटमध्ये क्लस्टरची एक ओळ टाकली की आपोआप डेल्टा मॅनेजर मिळतो. तो प्रत्येक सेशन क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरला पाठवतो. चार स्टँड, आणि तुमच्या चपला चारही ठिकाणी. आता हिशोब करा. एका वेळी ५,००० युजर, प्रत्येकाचं सेशन २ एमबी. झाले १० जीबी, तेही प्रत्येक सर्व्हरवर! पाचवा सर्व्हर लावला तर मेमरीचा भार हलका होत नाही, उलट आणखी एकाकडे तेच १० जीबी पोचवायचे. हा प्रकार लहान क्लस्टरसाठी आहे, असं टॉमकॅटचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. मोठ्या क्लस्टरसाठी बॅकअप मॅनेजर आहे, तो प्रत दुसऱ्या एकाच सर्व्हरवर ठेवतो. पण तेच सेशन २ केबीचं असतं तर? ५,००० युजरचे मिळून १० एमबी. मग डेल्टा घ्या नाहीतर बॅकअप, कोणाला फरक पडतो?

बरं, प्रती निघतात त्याही बिनचूक नाहीत. सेशनमधल्या लिस्टमध्ये एक वस्तू वाढवली, पण सेट-ॲट्रिब्यूट पुन्हा कॉल केलं नाही, तर बदल झाल्याचं टॉमकॅटला कळतच नाही. जुनीच प्रत दुसरीकडे नांदते. सर्व्हर पडेपर्यंत सगळं आलबेल, आणि पडला की कार्टमधून एक वस्तू गायब. तसंच क्लासचं. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवलेत आणि नव्या रिलीजमध्ये तो क्लास बदलला, तर जुने बाइट्स नव्या कोडला वाचता येतीलच असं नाही. म्हणजे अर्धे सर्व्हर जुने, अर्धे नवे अशा रोलिंग डिप्लॉयमेंटच्या ऐन मध्यात लॉगमध्ये एक्सेप्शनचा पाऊस. म्हणून काय करायचं, तर रात्री दोन वाजता सगळं बंद करून रिलीज. क्लस्टर कशासाठी घेतला होता मग?

आणि कॉपी-पेस्ट तर काय सांगावं. त्या क्लस्टरच्या ओळीबरोबर मल्टिकास्टचा पत्ता येतो २२८.०.०.४, पोर्ट ४५५६४. तो सगळ्यांना सारखाच. त्याच नेटवर्कवर टेस्टिंगच्या सर्व्हरांतही हीच ओळ असेल, तर ते प्रॉडक्शनच्या सर्व्हरांना आपल्याच घरचे समजतात. लग्नात दोन्हीकडची वऱ्हाडं एकाच पंगतीत बसावीत तसं.

"म्हणून तर स्टिकी म्हणतोय," असं कोणीतरी म्हणणारच. स्टिकी म्हणजे ज्या स्टँडवर चपला ठेवल्या तिथेच परत पाठवायचं. ठीक आहे, पण तो स्टँडच बंद पडला तर? चारपैकी एक सर्व्हर गेला की पाव जनता अनवाणी. ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲपमध्ये २०११ सालीच स्टिकी सेशनला सरळ नियमभंग म्हटलं आहे. आज तर ऑटो-स्केलिंगमध्ये सर्व्हर येतात-जातात हेच गृहीत असतं. रिप्लिकेशनला जोड म्हणून स्टिकी ठेवा, माझी हरकत नाही. एकट्या स्टिकीवर संसार नको.

मग येतं ब्रह्मास्त्र, रेडिस. रेडिस छान आहे, माझं काही म्हणणं नाही. पण एकच रेडिस सेशनसाठीही आणि कॅशसाठीही वापरला, आणि मेमरी भरली की सर्वांत जुनं वापरलेलं काढून टाकायची पॉलिसी लावली, तर तो बिचारा सांगितलेलंच करतो. जरा वेळ काही क्लिक न केलेल्या माणसाचं सेशन बाहेर. तो माणूस निवांत बसलेला नसतो हो, पुढचं पान भरत असतो! मेमकॅश्डचंही तेच, भरला की जुनं टाकणार, रीस्टार्ट झाला की सगळंच जाणार. तो कॅश आहे, तसं त्याच्या नावातच लिहिलंय. तेव्हा सेशनचा रेडिस वेगळा ठेवा, एव्हिक्शन बंद ठेवा, प्रत्येक की-ला मुदत द्या. तरी एक लक्षात ठेवा. रेडिसचं रिप्लिकेशन असिंक्रोनस आहे. मास्टर ऐन वेळी पडला तर शेवटचे काही राइट जाऊ शकतात. सेशनमध्ये लॉगिन असेल तर माणूस पुन्हा लॉगिन करेल. चार पानं असतील तर?

"सगळं टोकनमध्ये टाकू, सेशनच नको" हे दुसरं टोक. म्हणजे चपला हातात घेऊन देवळात. जेडब्ल्यूटी नुसता साइन केलेला असतो, लपवलेला नसतो. आतला मजकूर कोणीही वाचू शकतो. आणि मुदत संपण्याआधी रद्द करायचा, तर रद्द केलेल्यांची यादी सर्व्हरवर ठेवावी लागते. आलंच ना सेशन मागच्या दाराने?

माझा नियम साधा आहे. हरवल्यावर युजरला वाईट वाटेल, ते डेटाबेसमध्ये. हरवल्यावर पुन्हा काढता येईल, ते कॅशमध्ये. सेशनमध्ये फक्त हा माणूस कोण, आणि सुरक्षिततेची एक-दोन टोकन्स. फॉर्मचं प्रत्येक पान "सेव्ह" झालं की ड्राफ्ट म्हणून टेबलात एक ओळ. "दर वेळी डेटाबेसवर जायचं? परवडेल का?" अहो, रेडिसवर जाता तेव्हाही नेटवर्कवरूनच जाता, आणि सोबत २ एमबीचं गाठोडं बांधता-सोडता. प्रायमरी की-ने काही केबींची एक ओळ वाचणं-लिहिणं हे तर डेटाबेसचं रोजचं काम.

हे सगळं एवढं तावातावाने का? कारण पलीकडे माणूस आहे. तालुक्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी आहे. चौथ्या पानावर "युअर सेशन हॅज एक्स्पायर्ड" आलं, की तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते, आणि अर्जाची शेवटची तारीख आजचीच असते. आपल्याकडे मात्र त्याची नोंद "इंटरमिटंट इश्यू, क्लोज्ड" अशी होते.

तेव्हा सोमवारी एक करा. टेस्टिंगच्या क्लस्टरवर फॉर्म भरायला घ्या, तिसऱ्या पानावर थांबा, आणि ज्या सर्व्हरवर आहात तो सरळ किल करा. मग "नेक्स्ट" दाबा. चौथं पान आलं तर माझ्याकडून कटिंग चहा. नाही आलं, तर कॉन्फिगरेशनची फाइल उघडू नका. आधी सेशनमध्ये काय काय ठेवलंय त्याची यादी करा, आणि संसार घरी न्या.