आधी कारण, मग पाना

जुनी गाडी घरी दुरुस्त करतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: किती पैसे वाचले? पैसे वाचतात, नाही असं नाही. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे आपल्याला कळलं, की गाडी ठेवायची की भंगारात काढायची हे दुसरं कुणी परस्पर ठरवत नाही.

आमचंच उदाहरण घ्या. बाबांनी २००४ साली घेतलेली छोटी पेट्रोल गाडी गेल्या उन्हाळ्यात जेजुरीला जाताना दिवे घाटात तापली. काटा लाल खुणेवर, बॉनेटमधून वाफ. कडेला घेऊन तासभर थांबलो. (मंडळी, गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं.) मग पाणी भरून उतारावरून हळूहळू पुण्यात परत. गॅरेजवाल्याने पाच मिनिटं पाहून निकाल दिला: हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा गाडी काढून टाका. बाबा काहीच बोलले नाहीत. पंचाहत्तरीत ते नवी गाडी शिकणार नाहीत. ही गेली की त्यांचं स्वतःच्या मर्जीने बाहेर पडणंच बंद.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. बग आला की आधी विचारायचं, तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही? रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगाने काटा मध्यावर स्थिर. सिग्नलला थांबलं की वर. अर्धं उत्तर इथेच आहे. गाडी वेगात असली की समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. घाटात इंजिनाला कष्ट जास्त आणि वारा कमी, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. गॅस्केट गेलं की बहुतेक वेळा कुलंट कमी होत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ होतं. इथे यातलं काहीच नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं. काटा चढला, पंखा ढिम्म! इंजिन बंद करून पंख्याच्या मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले, तर गरगर फिरला. म्हणजे मोटर ठीक. फ्यूज मल्टिमीटरवर तपासला, तोही ठीक. मग रिले उघडला. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे. नवा रिले तीनशे रुपयांच्या आत आला आणि बसवायला दोन मिनिटं लागली.

गॅरेजवाले सगळे लबाड असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. गिऱ्हाईकाला संध्याकाळी गाडी हवी असते. शोधत बसायला वेळ कुणाला, आणि शोधण्याचे पैसे तरी कोण देतं? पार्ट बदलण्याचं बिल होतं, विचार करण्याचं होत नाही. शिवाय माहितीची कोंडी आहेच. मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत, या कारणावरून स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तो भाग निराळा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याने निदान बॉनेट तरी उघडून बघावं की नाही?

अर्थात मर्यादा आहेत. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि पेट्रोलच्या नळ्या जाणकारावरच सोडा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आणि जुनी गाडी जन्मभर सांभाळा असंही माझं म्हणणं नाही. पीयूसी पास होईना, पत्रा गंजून गेला, की तिला निरोप द्यावा. पण तो खऱ्या कारणासाठी, जळक्या रिलेसाठी नव्हे.

असो. साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. तोही नको असेल तर निदान एक शब्द फुकट आहे. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं, की शांतपणे विचारा: कशावरून?