जुनी मोटार घेतांना

एकत्र कुटुंबांत मोटारीचा विषय निघाला कीं तो आठ-पंधरा दिवस तरी मिटत नाहीं. नव्या गाडीपेक्षां सहा-सात वर्षें वापरलेली होंडा सिटी, मारुती सियाझ किंवा ह्युंदाई व्हर्ना घ्यावी, असा विचार वर्धा जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत होतो. आणि तो आम्हांस गैर वाटत नाहीं. (सेडान बुटकी असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना तींत बसवून व उतरवून पाहिल्याशिवाय मात्र सौदा करूं नये.) ही रक्कम बहुधा घरांतील वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजींतून निघते, व एकदां गेली कीं पुन्हां जमत नाहीं. म्हणून गाडी किती चमकते यापेक्षां पुढील पांच वर्षांत ती काय काय मागेल, आणि कोणाच्या नांवावर मागेल, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पेट्रोल कीं डिझेल, हा वाद कागद-पेन्सिलीनें मिटतो. वर्षास ६,००० किलोमीटर फिरणें, पेट्रोल १०० रुपये लिटर व लिटरला १५ किलोमीटर, डिझेल ९० रुपये व २० किलोमीटर असें धरलें, तर पेट्रोलला ४०,००० आणि डिझेलला २७,००० रुपये लागतील. हा तेरा हजारांचा फरक इंजेक्टरच्या किंवा टर्बोच्या एका दुरुस्तींत बुडूं शकतो. वर्ध्याहून नागपूरला रोज जाऊन-येऊन दीडशें किलोमीटर ज्यांस पडतात, त्यांचें गणित अर्थात् निराळें. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा हा नियम आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. ती लांबच्या प्रवासांत तापून स्वच्छ होते. शाळा, बाजार आणि दवाखाना एवढ्याच फेऱ्या झाल्या तर तुंबते. गांवापुरती गाडी हवी असेल त्यांनीं पेट्रोलचीच घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. सियाझचें उत्पादन २०२५ सालीं थांबलें म्हणून तिला भिण्याचें कारण नाहीं. तिचें दीड लिटरचें पेट्रोल इंजिन त्याच काळांतील एर्टिगांतहि होतें.

इंजिनाच्या आकाराचा विम्याशीं संबंध असतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. २०२२ च्या दरपत्रकांत तृतीय पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर इंजिनास ३,४१६ रुपये व त्यावरील इंजिनास ७,८९७ रुपये ठरला. १,४९७ ची सिटी आणि १,५९१ ची जुनी व्हर्ना दारापुढें सारख्याच शोभतात!

गाडी पाहावयाची ती सकाळीं, इंजिन थंड असतांना, आणि पुन्हां भर दुपारीं. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हां उभ्या गाडींत वातानुकूलन पंधरा मिनिटें चालू ठेवावें आणि इंजिनाच्या उष्णतेचा कांटा वर चढतो कीं काय तें पाहावें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर म्हाताराच समजावा. ११ डिसेंबर २०२२ पासून खुल्या झालेल्या नागपूर-शिर्डी समृद्धि महामार्गाच्या तापलेल्या सिमेंटवर तो ताशी १२० च्या वेगानें पळविणें म्हणजे घरच्या माणसांचा जीव पणास लावणें होय. गाडी नागपूरची असेल तर २३ सप्टेंबर २०२३ चा पूर आठवावा. आसनाचा पट्टा अगदीं शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते काय, गालिच्याखालीं गंज व कुबट वास आहे काय, हें तपासावें. होंडानें टाकाटा बनावटीच्या सदोष हवापिशव्या बदलून देण्यासाठीं २०१७ व २०१८ सालीं सिटीसह कांहीं गाड्या परत बोलाविल्या होत्या. तें काम झालें कीं नाहीं हें सांगाड्याच्या क्रमांकावरून कळतें. तें विनामूल्य असतें. किलोमीटरचा आंकडा मात्र कंपनीच्या कारखान्यांतील नोंदींशीं ताडून पाहिल्यावांचून मानूं नये.

आतां नांवाचा प्रश्न. पैसा आजोबांचा म्हणून गाडी आजोबांच्या नांवें, अशी आपल्याकडे रीत आहे. तींत आदर आहे हें खरें. पण मालक-चालकाचा जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालक स्वतः परवानाधारक असून गाडी चालवीत असेल तरच लागू पडतो. आजोबांकडे परवाना नसेल व मुलगा गाडी हांकत असेल, तर त्या मुलास या विम्याचा आधार नाहीं. कर्ता मुलगा गेल्यावर हें कळण्यापेक्षां गाडी जो चालवितो त्याच्याच नांवें घ्यावी, किंवा त्याच्याकरितां निराळा अपघात विमा उतरावा. मागील मालकाच्या पॉलिसीचा तृतीय पक्षापुरता भाग कायद्यानें खरेदीदाराकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी आपल्या नांवें झाल्याशिवाय मिळत नाहीं. तो अर्ज १४ दिवसांत करावयाचा असतो. विमादावा न केल्याबद्दलची सूट जुन्या मालकाचीच राहते. ती तुमच्या पदरीं पडत नाहीं.

घरांतील जुनी लहान गाडी या वेळीं बहुधा दलालास दिली जाते, आणि वडील मंडळी कोऱ्या अर्जांवर सह्या करून मोकळी होतात. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणांत असें ठरविलें कीं, गाडी विकली तरी परिवहन कचेरींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. तेव्हां विक्रीची सूचना १४ दिवसांत आपणच वर्ध्याच्या कचेरीस द्यावी, तिची पोंच जपून ठेवावी, आणि महिन्याभरानें नवें नांव चढलें कीं नाहीं तें घरांतील एखाद्या मुलास ‘वाहन’ संकेतस्थळावर पाहावयास सांगावें.