आधी नकार, मग कर्ता

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय रुक्ष आहे, इंग्रजी व्याकरणाचा. पण शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये तो सुपरवायझर आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं पुढचं काम त्यांच्याकडे होतं. चहा घेता घेता त्याने मोबाईलवर एका पाटीचा फोटो दाखवला. बाहेरून आलेल्या मशीनवरची सूचना होती: "शुड द लॅम्प टर्न रेड, डू नॉट ओपन द डोअर."

म्हणजे दिवा लाल झाला, तर दार उघडू नका. कामावरच्या नव्या पोराने अर्थ लावला तो असा: दिवा लाल झाला पाहिजे, तोवर दार उघडायचं नाही. तो बिचारा दिवा लाल होईपर्यंत थांबला आणि मग त्याने दार उघडलं! नशीब, आतलं चाक थांबत आलं होतं. हाताला खरचटण्यावर निभावलं.

"बाई, मलाबी नीट सांगता येईना. शुड म्हणजे पाहिजे, असंच तुम्ही शिकवलं होतं की!" तो हसत म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही.

तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. शब्दांची अशी उलटापालट आमच्या वर्गात यायची ती फक्त परीक्षेच्या प्रश्नातून. 'नो सूनर... दॅन' वापरून वाक्य पुन्हा लिहा. मुलांना मंत्र दिलेला असायचा: 'नो सूनर'नंतर 'डिड', मग कर्ता, मग क्रियापदाचं मूळ रूप, आणि 'दॅन' विसरू नका. गुण पूर्ण मिळायचे. पण इंग्रज माणूस असं उलटं का बोलतो, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मलाच कुणी सांगितलं नव्हतं. पाचवीत ए-बी-सी-डी सुरू झालेली मी, मराठी माध्यमातून बी. ए. झाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेली आमची पिढी.

खरं तर ही गोष्ट मराठीतून सहज सांगता आली असती. 'रामाने रावणाला मारलं' आणि 'रावणाला रामाने मारलं', दोन्हींत मेला रावणच. कारण कोण मारणारा आणि कोण मरणारा, हे आपल्याकडे प्रत्यय सांगतो. त्यामुळे ज्या शब्दावर जोर द्यायचा, तो आपण खुशाल हलवतो. नाहीतर एक 'च' लावला की काम झालं. "जातोय कशाला मी तिकडं!" असं कोल्हापुरी माणूस म्हणतो, तेव्हा क्रियापद सगळ्यांच्या पुढे येऊन बसतं आणि नकार न उच्चारता कळतो.

इंग्रजीत ही चैन नाही. तिथे नामांना असे प्रत्यय नाहीत, जागेवरूनच कर्ता ठरतो. राम आणि रावण यांची अदलाबदल केली, तर रामच मरायचा! म्हणून जोर द्यायला त्यांनी वेगळी युक्ती केली. 'नेव्हर', 'सेल्डम', 'अंडर नो सर्कमस्टन्सेस' असा नकाराचा शब्द ओढून पुढे आणायचा, आणि तो आला की सहायक क्रियापदाने कर्त्याच्या आधी उडी मारायची. सहायक नसेल तर 'डू', 'डज' किंवा 'डिड' उसना आणायचा. २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिलने आपल्या वैमानिकांचे ऋण पार्लमेंटात सांगितले, ते प्रसिद्ध वाक्य 'नेव्हर'नेच सुरू होतं. तोच शब्द मधे कुठेतरी घातला असता, तर ते वाक्य इतकं लक्षात राहिलं असतं का?

'शुड'ची जात याच घराण्यातली, पण निराळी. तिथे जोराचा प्रश्न नाही. 'इफ' गाळलेलं असतं आणि त्याची खूण म्हणून 'शुड' पुढे येतो. 'हॅड' आणि 'वेअर' हेही तसेच पुढे येतात. शेवटी प्रश्नचिन्ह नाही आणि तरी वाक्य 'शुड'ने सुरू झालं, तर समजावं की हा 'पाहिजे' नाही, 'जर' आहे.

काही जण म्हणतील, असली साहेबी वळणं आपल्या मुलांना कशाला? साधं इंग्रजी पुरे. लिहिण्यापुरतं मलाही पटतं. पण वाचायचं काय? मशीनचं माहितीपुस्तक, विम्याचे कागद, करारपत्र, सगळीकडे ही वाक्यं येतात आणि ती लिहिणारा आपल्याला विचारून लिहीत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. एवढी वर्षं शिकून मुलाला पाटी वाचता येत नसेल, तर चूक मुलाची नाही. माझं स्पष्ट मत आहे की 'वाक्य पुन्हा लिहा' हा प्रश्न कमी करून 'या सूचनेप्रमाणे तुम्ही काय कराल, मराठीत सांगा' असा प्रश्न विचारावा. आणि जिथे हात जाण्याची भीती आहे, तिथे कारखानदारांनी पाटी मराठीतच लावावी. कामगार परप्रांतातले असतील, तर हिंदीतही.

माझ्या विद्यार्थ्याने ती लावली. परवा फोटो पाठवला. लाल अक्षरांत लिहिलं आहे: "दिवा लाल असेल तर दार उघडायचं नाही म्हणजे नाही."

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. स्वतःला किती द्यावेत, ते अजून ठरत नाही.

असो. तुम्हाला शाळेत हे कुणी नीट समजावलं होतं का? जरूर कळवा.