एक घास खाल्ला तर काय होतं?

हिंगोलीत आमच्यातल्या एकाने मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलं, तेव्हाची गोष्ट. उद्घाटनाला सत्यनारायण होता. माझा एक मुस्लीम मित्र सकाळपासून तिथेच होता. बोर्ड त्यानेच चढवला होता, इन्व्हर्टरही त्यानेच जोडला होता. तीर्थ वाटताना तो हसून बाजूला झाला. शिऱ्याचा द्रोण मात्र दुकानवाल्याच्या काकांनी थेट त्याच्या हातात ठेवला. तो द्रोण घेऊन तो हळूच दाराकडे सरकला, तर काका मागोमाग गेले. "इथंच खा की बाबा. घरी नेऊन कुत्र्याला टाकशील." सगळे हसले. आणि कुणीतरी म्हणालं, "एक घास खाल्ला तर काय होतं रे?"

ते कुणीतरी म्हणजे मी.

त्याने एक घास खाल्ला. मग फोन आल्यासारखं करून बाहेर गेला तो परत आलाच नाही. पुढचे चार महिने माझ्या प्रत्येक मेसेजला 'हं' आणि 'ओके' एवढंच उत्तर होतं. मला वाटलं, कामात असेल. खरं तर मला चांगलंच ठाऊक होतं काय झालंय ते.

त्या एका वाक्याबद्दल मला भांडायचंय, आणि पहिलं भांडण स्वतःशीच आहे. कारण हे वाक्य मी माझ्या आजोबांना कधी म्हटलेलं नाही. आजोबा माळकरी. नर्सी नामदेवच्या वारीला जाणारे. लग्नाच्या पंगतीत मटणाचा बेत असला की त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी वेगळी, पातेलं वेगळं, पळीसुद्धा वेगळी. मटणाची पळी पिठल्यात गेली तर अख्खं पिठलं बाद. "आजोबा, एक फोड खा, काय होतं?" असं कुणी म्हणालं असतं, तर त्याच्या कानाखाली बसली असती. शाळेत माझ्या बाकावरचा जैन मुलगा बटाटा खात नव्हता, तर त्याच्या वाढदिवसाला आम्ही समोसे सोडून ढोकळा आणला होता. चौथीतल्या पोरांना जमलं होतं ते.

आणि उपास? या बाबतीत तर आपल्या घराघरात वकील आहेत. भगर चालते, तांदूळ चालत नाही. शेंगदाण्याचं तेल चालतं, करडीचं नाही. कोथिंबिरीवर दोन सख्ख्या जावांचं एकमत नसतं. हे सगळं आपण तोंडपाठ ठेवतो, पाहुण्याला न विचारता सांभाळतो, आणि त्याला 'श्रद्धा' म्हणतो. मग समोरचा माणूस मुसलमान असला की त्याच्या नियमाला एकदम 'कट्टरपणा' हे नाव कुठून मिळतं? नियम पाळून घेण्याची सवय आपल्याला पिढ्यानपिढ्यांची आहे. ती आपण ठरावीक माणसांसाठी वापरत नाही, एवढंच.

बरं, तो नियमही काही डोंगराएवढा नाही. डुक्कर नको, रक्त नको, मेलेलं जनावर नको, दारू नको, दुसऱ्या देवाच्या नावाने वाहिलेलं नको, आणि मांस असेल तर ते अल्लाचं नाव घेऊन कापलेलं हवं. धान्य, डाळी, दूध, फळं, भाज्या यांच्याबद्दल काही तक्रारच नाही. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं जवळजवळ सगळं चालतं. चकली चालते, शंकरपाळे चालतात, ठेचा चालतो, सीताफळ चालतं. 'यांना नेमकं द्यायचं तरी काय' हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या घरातले डबे उघडून बघितलेले नसतात.

अडतं ते प्रसादापाशी, आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे दोन्हीकडच्या भावना खऱ्या आहेत. आपल्याकडे प्रसाद नाकारणं हा देवाचा अपमान समजतात. त्याच्याकडे देवाला दाखवलेलं अन्न खाणं हा त्याच्या श्रद्धेशी खोटेपणा. सगळ्यांचं मत सारखं नसतं. माझ्या मित्राचा मावसभाऊ गणपतीतले मोदक मिठाई म्हणून मजेत खातो. मित्र खात नाही. दोघंही मुसलमानच. म्हणजे 'मुस्लीम लोक काय खातात' हे गूगल करून भागत नाही, त्या माणसालाच विचारावं लागतं. "यार, तू प्रसाद घेतोस का? नाही तर नाही." पाच सेकंद लागतात याला. हे मला दहा वर्षांच्या मैत्रीत सुचलं नव्हतं.

त्या दिवाळीत मी आईला म्हटलं, फराळाचा एक डबा नैवेद्याआधीच त्याच्यासाठी काढून ठेवू. आई भडकली. "देवाच्या आधी कुणाला द्यायचं नसतं." झालं, माझ्या उदारपणाची हवा गेली. पण तोडगाही तिनेच काढला. नैवेद्याचं ताट वाढायचं, देवाला दाखवायचं, आणि ते ताट आपणच संपवायचं. त्यातलं काही परत डब्यात मिसळायचं नाही. "नैवेद्य ताटातला असतो, डब्यातला नाही," असं म्हणून तिने झाकण लावलं. मी मित्राला फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "रुक, अब्बूंना विचारतो." दहा मिनिटांनी मेसेज आला: "चलता है. चकली ज्यादा डाल." चार महिन्यांत 'ओके'च्या पुढे गेलेला तो पहिला मेसेज.

आता दुसरा आक्षेप, जो आजकाल स्टेटसवर फार फिरतो: 'हलाल' हेच मुळी आपल्यावर लादलेलं काहीतरी आहे. लादलेलं? मराठी गावगाड्यात मुलाणा होता. गावातलं बकरं हलाल करायचं काम त्याचं, आणि त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला. मुलाणी हे आडनाव तिथूनच आलं. मराठवाड्यात आजही कितीतरी हिंदू घरांत कंदुरीचा नवस असतो: दर्ग्याला बकरं, मुलाण्याच्या हातचं, आणि मग गावजेवण. त्या पंगतीत बसून ज्यांनी रस्सा ओरपला त्यांचे नातू आज 'हलाल हटाव' फॉरवर्ड करतात. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ला हलाल प्रमाणपत्राच्या मालाची विक्रीच बंद केली, निर्यातीपुरती सूट ठेवून. आपल्याकडे मार्च २०२५मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आणलं. कुणाला झटकाच खायचं असेल, तर त्याने खुशाल खावं. शीख बांधव कितीतरी काळापासून तो नियम पाळतात, आणि मला तो पाळण्यात काहीच वावगं वाटत नाही. पण स्वतःसाठी नियम मागायचा आणि दुसऱ्याच्या नियमावर बंदी मागायची, या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलता येतात? (तसंही 'हरामखोर' ही शिवी आपण रोज देतो, तेव्हा हलाल-हरामाचा हिशेब आपल्याला अगदी छान कळत असतो.)

'आम्हीच का सांभाळायचं, ते कधी सांभाळतात?' हा पुढचा प्रश्न. २०२२मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, १० जुलैला. २०२३मध्ये पुन्हा, २९ जूनला. त्या वर्षी महाराष्ट्रात गावोगावच्या मुस्लिमांनी बैठका घेऊन ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, ती त्यांनी वापरली. आपला सगळ्यात मोठा सण त्यांनी आपल्या उपासासाठी पुढे ढकलला. तेव्हा कुणी त्यांना म्हणालं नव्हतं की 'एक दिवस कापलं तर काय होतं?' ही बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली?

इथपर्यंत वाचून माझे पुरोगामी दोस्त माना डोलावत असतील. तर आता तुमच्याकडे वळतो. आमच्या पुण्यातल्या ग्रुपमध्ये एक मुस्लीम मुलगा होता. तो बिअर प्यायचा, सगळं खायचा, आणि सगळ्यांचा लाडका होता. 'हा बघ, हा खरा मॉडर्न.' माझा हिंगोलीचा मित्र तिथे आला, पाणी पीत बसला, आणि रमचा केक नको म्हणाला. तर त्याच्याकडे सगळे असे बघायला लागले, जणू कुणी दाढीवाला मौलाना आत शिरलाय. काकांनी शिऱ्याचा द्रोण पुढे केला होता, तुम्ही केकची बशी केलीत. परीक्षा तीच, फक्त पेपर इंग्लिश मीडियमचा. त्याने काय सोडावं आणि काय धरावं हे त्याचं तो ठरवेल. ते ठरवायला तुमची ब्रँडेड सहिष्णुता कशाला?

आणि तिसरी जात, सगळ्यात गोड: मुस्लीम मित्र म्हणजे बिर्याणी. त्याच्या घरी जाताना कुठल्या तरी हॉटेलातली बिर्याणी पार्सल नेणारे मी पाहिलेत. चिकन कुठून आलं ते त्यांना माहीत नाही, त्यालाही माहीत नाही, आणि बिचारा तो ते पार्सल नंतर कुणाला तरी देऊन टाकतो. मांस न्यायचंच असेल, तर त्याच्या ओळखीच्या दुकानातून घ्या, नाही तर सरळ शाकाहारी न्या. पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे कामाला येतो: त्यात जिलेटिन किंवा प्राण्याची चरबी चालत नाही. मात्र दारूबद्दल तो ठिपका काही सांगत नाही, म्हणून लिकर भरलेली चॉकलेटं आणि प्लम केक यांवरची बारीक अक्षरं वाचायची. अमेरिकेहून मामा आणतो ते मार्शमेलो तर विसराच. त्यात बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी बैलाच्या आतड्यांच्या थरांत ठोकून पातळ करायचे, हे वाचून खरं तर माझ्या माळकरी आजोबांनाच धक्का बसला असता. एफएसएसएआयने २०१६मध्ये नियम करून त्यात प्राणिज वस्तू वापरायला मनाई केली. खजूर द्या, पण दरवर्षी खजूरच नको. त्याला चकली आवडते. हे धर्माने ठरवलेलं नाही, हा त्याचा स्वभाव आहे. वसमतची चांगली हळद दिली तर त्याची आई खूश होते, हेही मला आता कळलंय.

२०२५मध्ये पाडवा ३० मार्चला आला, रविवारी. दुसऱ्या दिवशी ईद. म्हणजे पाडव्याला त्यांचा शेवटचा रोजा होता. आईने गुढीच्या नैवेद्याचं ताट वेगळं वाढलं आणि पुरणपोळ्यांचा डबा भरून मला पिटाळलं, तेही संध्याकाळी. दुपारी नेऊन त्यांच्या नाकाशी वास कशाला, असं तिचं म्हणणं. मगरिबची अजान झाली, खजूर आणि पाणी झालं, आणि खालाने डबा उघडला. "तूप नाही आणलंस का रे?" नव्हतं आणलं. मित्र उठून घरातलं तूप घेऊन आला आणि मला म्हणाला, "एवढंही येत नाही तुला."

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे दोन डबे घेऊन आला. मोठ्या डब्यात शीरखुर्मा होता. छोट्यात नुसतं आटवलेलं दूध, खजूर, पिस्ते, चारोळी. शेवया नव्हत्या.

"हा वेगळा कशाला?" मी विचारलं.

"आज सोमवार आहे ना," तो म्हणाला. "अम्मी बोली, काकूंचा उपास असतो."