आता कसे वाटते आहे?

प्रश्न काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि वर्षातून दोनदा प्रश्नपत्रिका काढतो. पुस्तक न उघडता परीक्षेला बसलेला विद्यार्थी एका परिच्छेदात ओळखू येतो. पण प्रश्न काढणाऱ्यानेच पुस्तक उघडलेले नसेल, तर ते पहिल्या ओळीतच कळते. ती ओळ हल्ली मला वरचेवर ऐकू येते, आणि तीही फुटबॉलचा सामना संपल्यानंतर टीव्हीवर!

आमच्या मुंबईचा एक व्यावसायिक फुटबॉल संघ आहे, मुंबई सिटी. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासूनचा. आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, या संघाचे निस्सीम भक्त. त्यामुळे सामन्याच्या संध्याकाळी आमच्या घरी जेवणाची वेळ रेफरीच्या शिट्टीवर ठरते. सामना संपतो, घामाने निथळणारा एक खेळाडू धापा टाकत उभा राहतो, त्याच्या तोंडासमोर ध्वनिक्षेपक येतो आणि प्रश्न होतो, ‘आता कसं वाटतंय?’

एकदा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, दवाखान्यात भेटायला गेल्यासारखं काय विचारताहेत त्याला?”

खेळाडू बिचारा सज्जन असतो. तो म्हणतो, ‘छान वाटतंय.’ पराभव झाला असेल तर, ‘वाईट वाटतंय, पण पुढच्या सामन्यात प्रयत्न करू.’ मुलाखत संपली! एका वाहिनीवर तर मी याहून पुढची पायरी पाहिली. ‘यंदा तुम्ही किती गोल केलेत?’ या प्रश्नावर त्या तरुणाने अदबीने सांगितले, ‘मी गोलकीपर आहे.’ मुलाखतकार क्षणभर थांबला आणि त्याने पुढला प्रश्न टाकला, ‘क्रिकेट आवडतं का?’

आम्ही सारे हसलो. चिरंजीव मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरच त्या गोलकीपरला काही विचारायचे होते.

वाचकहो, अर्ध्या तासाचा गृहपाठ केला तर या एका संघापाशी प्रश्नांचे केवढे भांडार आहे ते पाहा. १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचा अंतिम सामना झाला. करोनामुळे तो सबंध हंगाम गोव्यातच आणि प्रेक्षकांवाचून खेळला गेला होता. मणिपूरच्या बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला, मुंबईचा संघ २-१ असा जिंकला आणि हा चषक पहिल्यांदा मुंबईकडे आला. पुढे ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पुन्हा अंतिम सामना, पुन्हा समोर मोहन बागानच. या वेळी मात्र हजारो प्रेक्षक होते, आणि ते बहुतेक सारे प्रतिपक्षाचे. मुंबई ३-१ अशी जिंकली. त्यातला दुसरा गोल कुणाचा? पुन्हा बिपिन सिंगचाच!

म्हणजे एका माणसाने दोन अंतिम सामन्यांत दोन गोल केले. पहिल्याच्या वेळी टाळी वाजवायला माणूस नव्हते. दुसऱ्याच्या वेळी माणसे पुष्कळ होती, पण टाळी वाजवणारी थोडी. त्या दोन वेळी तुमच्या कानांवर काय पडले, एवढेच त्याला विचारावे. याचे उत्तर जगात दुसरा कोणी देऊ शकणार नाही. चांगल्या प्रश्नाची माझ्या मते हीच खूण. ‘छान वाटतंय’ हे उत्तर कोणीही देऊ शकतो.

दुसरा मासला राहुल भेके याचा. मुंबईतच जन्मलेला हा बचावपटू. १७ मार्च २०१९ रोजी आपल्या अंधेरीच्या मैदानावर अंतिम सामना होता आणि तो बंगळुरूकडून गोव्याविरुद्ध खेळत होता. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि त्या एका गोलावर बंगळुरूने चषक नेला. मुंबईच्या मुलाने मुंबईतच बंगळुरूला जिंकून दिले! पुढे तो मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबाविरुद्ध निर्णायक गोल त्याचाच, आणि तोही डोक्यानेच. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणून त्या दिवशी मुंबईचे नाव लागले. २०२४च्या विजयात तर कर्णधारच तो.

आमच्या चिरंजीवांचा प्रश्न असा होता: ज्याचे काम आपला गोल राखणे, तो समोरच्या गोलपाशी जातो केव्हा, आणि तो गेला की मागे घर कोण राखतो? खेळाडूला हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. गल्लीत मोटारींच्या मधून चेंडू लाथाडणाऱ्या पोरांना कुठला आलाय प्रशिक्षक? टीव्हीवर दोन मिनिटे बोलणारा खेळाडू हाच त्यांचा मास्तर. त्याच्या तोंडून ‘छान वाटतंय’ एवढेच वदवून घेतले, तर त्या पोरांचा तास बुडाला असेच मी म्हणेन.

आता वार्ताहरांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांतले काही माझे विद्यार्थी आहेत. सकाळी क्रिकेट, दुपारी महापालिका आणि रात्री फुटबॉल अशी एकाच जिवाची वाटणी झालेली असते. हाती मिनिटे दोन, शेजारी घड्याळ पाहणारा क्लबाचा अधिकारी. शिवाय खेळाडूंनीही ‘आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो’ हे वाक्य पाढ्यासारखे घोकलेले असते. सारे खरे. पण सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक आणि एखादा खेळाडू पत्रकारांपुढे बसतात, तेव्हा घाई नसते. तिथेही ‘उद्याच्या सामन्याबद्दल काय सांगाल?’ हाच प्रश्न निघाला, तर दोष घड्याळाला कसा द्यावा?

आणि या हयगयीची किंमत पुढे मोजावी लागते. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने होत असत. आज ते बंद आहेत. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० साली बंदही झाला. संघ मोडला की चषक कपाटात जातात आणि खेळाडू कुठल्या तरी चाळीत, कुठल्या तरी सोसायटीत निवृत्त होतात. त्यांना वेळीच कोणी नीट विचारले नाही, तर त्यांच्याजवळचे सारे त्यांच्याबरोबरच जाते.

दरवर्षी मी वर्गाला मुलाखतीचा एक स्वाध्याय देतो. अट एकच, भेटण्याआधी त्या माणसाविषयी दहा गोष्टी लिहून आणायच्या. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्याच इमारतीतले एक आजोबा निवडले. ते एके काळी एका कचेरीच्या संघातून कूपरेजवर खेळत. पोरगी चार दिवस ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळत बसली आणि मग गेली. तिने पहिलाच प्रश्न केला, “आजोबा, त्या सामन्यात तुम्ही दुसऱ्या डावात उजवीकडून डावीकडे का गेलात?”

आजोबा दीड तास बोलले. चहाचा पेला हातातच निवला. मध्येच उठून त्यांनी माळ्यावरून जुने बूट काढायला लावले. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना त्या मुलीला म्हणाल्या, “बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. मामंजी खेळायचे एवढंच ठाऊक होतं गं.”

‘मुलाखत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘भेट’. कोणाच्या भेटीला जायचे तर घरात कोण आहे, त्यांचे कसे चालले आहे, एवढी चौकशी आपण आधी करतोच. रिकाम्या हातानेही जात नाही. टीव्हीवरच्या मंडळींनी एवढा रिवाज पाळला तरी माझी तक्रार उरणार नाही. आणि वाचकहो, ही मंडळी सुधारेपर्यंत आपण तरी थांबू नये. दिवाळीच्या फराळाला घरी कोणी काका, कोणी मामा येतीलच. ‘तब्येत कशी आहे?’ हे विचारून झाले की, त्यांनाच विचारता येईल असा एक प्रश्न आधी शोधून ठेवा, आणि चकलीचे ताट पुढे सरकवून तो त्यांना विचारा.