यादी मोबाइलवर, पण गाणं सगळ्यांचं



गॅदरिंग जवळ आलं की शाळाशाळांतून पेटी-तबल्याचे सूर ऐकू येतात. गाणी पाठ असतात, आवाजही छान लागलेले असतात. पण रंगमंचावर बसलं की कुजबुज सुरू होते, "आता कोणतं गं?" "नाही रे, आधी दुसरं होतं!" लोक ताटकळतात. असं का होतं? गाणी ठरलेली असतात, पण त्यांचा क्रम ठरलेला नसतो.

क्रम लावणं ही काही आजची गोष्ट नाही. वारकऱ्यांची 'भजनी मालिका' तुम्ही घरी पाहिली असेल. आधी काय म्हणायचं, मग काय, शेवटी काय, हे तिच्यात लावून दिलेलं असतं. गवयांची मैफलही बहुतेक वेळा भैरवीनं संपते. म्हणजे यादी जुनीच, आपण फक्त ती वहीतून मोबाइलवर आणायची. कशी? सांगते.

आमचं नागरा गाव गोंदियाजवळ आहे, जुन्या शिवमंदिराचं. आमच्या मुलांच्या भजनी मंडळाला मागच्या वर्षी गावातल्या एका कार्यक्रमात अर्धा तास मिळाला. मोबाइलवर आम्ही एक तक्ता केला. त्यात सहा रकाने : क्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, सुरुवात कोण करणार, पट्टी, ताल आणि मिनिटं.

आता गणित करा बरं! सहा गाणी, प्रत्येकी ४ मिनिटं, झाली २४. मधल्या पाच जागांना एकेक मिनिट धरा, झाली २९. अर्ध्या तासात बरोबर बसलं! सातवं गाणं कितीही आवडतं असलं तरी ते घरी म्हणायचं.

पट्टीचा रकाना का, ठाऊक आहे? तबला एका स्वरात लावलेला असतो. 'काळी दोन'चं गाणं संपलं आणि लगेच 'पांढरी चार'चं आलं, तर तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसणार! म्हणून एका पट्टीची गाणी शेजारी ठेवायची. खंजेरीवरची भजनं असतील तर तीही एकत्र घ्यायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) याच खंजेरीच्या साथीनं गावोगावच्या लोकांना जागं केलं, हे तुम्हांला माहीत असेलच.

गाण्यांच्या फाइलींना नाव देतानाही एक गंमत आहे. १, २, ३ असे आकडे दिले, तर काही यंत्रं १ नंतर एकदम १० दाखवतात आणि २ मागे पडतो! यंत्र आकडा वाचत नाही, एकेक अक्षर बघतं. म्हणून ०१, ०२, ०३ असं लिहा. आणि गाणी युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधलं गाणं दुसऱ्या मोबाइलवर उघडलं, की 'विठ्ठल'च्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात.

एवढं सगळं केलं, तरी आमची फजिती झालीच.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी तिसरं आणि चौथं गाणं अदलाबदल केलं, पट्टी जुळावी म्हणून. नवी यादी मोबाइलवरून सगळ्यांच्या घरी पाठवली आणि निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी दोन गाणी छान झाली. मग पेटीवर एक सूर लागला आणि पाचवीतल्या एका मुलीनं भलतंच गाणं उचललं. लोक हसले. ती गप्प झाली, आणि पुढची चारही गाणी तिनं तोंड उघडलं नाही.

नंतर मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "मॅडम, मले तर जुनीच यादी माहीत होती जी! मोबाइल बाबा कामावर घेऊन जातेत."

मुलांनो, चूक तिची नव्हती, माझी होती. मी 'सगळ्यांना' पाठवली म्हणत होते, पण सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे का, हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर मी तसं सांगितलं.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. एक, बदल करायचा तो तालमीतच, सगळे हजर असताना; रात्री घरी बसून नाही. दोन, यादीवर तारीख घालायची आणि जुनी यादी पुसून टाकायची. तीन, शेवटची यादी फळ्यावर लिहून मोठ्यानं वाचायची आणि तिचा एक ठळक अक्षरांतला कागद पेटीजवळ ठेवायचा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद काही संपत नाही!

फळ्यावर यादी लिहिण्याचं काम आता त्याच मुलीकडे आहे. तिचं अक्षर सुरेख आहे. आणि चौथ्या गाण्याची सुरुवातही तिनंच करायची, असं मंडळानं ठरवलं आहे.

पालकांनो, संध्याकाळी पाच मिनिटं मोबाइल मुलांच्या हाती द्या. शेजारच्या मुलालाही त्यात डोकावू द्या.

आणि मुलांनो, तुमच्या गाण्यांचा तक्ता करून बघा. मिनिटांची बेरीज करा. मग एकच प्रश्न विचारा : ही यादी कोणाला मिळाली नाही? त्याच्या घरी आधी जा.

तुमची,
मॅडम