विश्लेषण : फुप्फुसांचा आजार एकच, मग नैराश्य स्त्रियांमध्ये अधिक का?

जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, रात्री घाबरून जाग येते. हीच तक्रार पुरुषाने केली की विडी-सिगारेटची चौकशी होते; बाईने केली की ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून बोळवण होण्याची शक्यता अधिक. सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकारात श्वास आणि मन यांची अशी गल्लत होते.

आजार किती व्यापक?

सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद होतात आणि झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ मध्ये या आजाराने जगात सुमारे ३५ लाख मृत्यू झाले. भारतात १९९० मध्ये २.८१ कोटी रुग्ण होते, ते २०१६ पर्यंत ५.५३ कोटी झाले.

मनावर परिणाम कसा होतो?

धाप लागली की माणूस घाबरतो आणि भराभर श्वास घेऊ लागतो. अरुंद नळ्यांतून हवा पूर्ण बाहेर पडत नाही, ती छातीत कोंडते आणि धाप आणखी वाढते. या भीतीपोटी चालणे, बाजारहाट, लग्नकार्य एकेक करून सुटते. इटलीत २०० हून अधिक रुग्णांच्या पाहणीत (२००६) सुमारे २८ टक्क्यांना चिंतेची, तर १९ टक्क्यांना नैराश्याची लक्षणे आढळली. आजार नसलेल्यांत हे प्रमाण ६ आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते. रुग्णांमध्येही स्त्रियांना त्रास अधिक होता.

स्त्रियांमध्येच अधिक का?

मुळात एकूण लोकसंख्येतही नैराश्य स्त्रियांमध्ये सुमारे दीडपट आढळते. शिवाय त्यांच्या श्वासनलिका सरासरीने लहान असतात. पण सारे खापर शरीररचनेवर फोडणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर सरपण-गोवऱ्यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी आहेत. चुलीपुढे अर्थातच बाई असते. दम लागला तरी तिचे पाणी भरणे, झाडलोट थांबत नाही. आणि सिगारेट न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी असेल, ही शंकाही लवकर येत नाही.

निदान कुठे चुकते?

अमेरिका आणि कॅनडातील १९२ डॉक्टरांपुढे २००१ मधील एका अभ्यासात काल्पनिक रुग्ण ठेवला गेला. लक्षणे तीच, फक्त काहींना तो पुरुष, काहींना स्त्री असल्याचे सांगितले. पुरुषाबाबत ५८ टक्के, तर स्त्रीबाबत ४२ टक्के डॉक्टरांनी सीओपीडी ओळखला. फुंकून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीचा अहवाल हाती दिल्यावर मात्र ही तफावत बरीच कमी झाली. आधी, स्वतःहून ही तपासणी सुचवणारे डॉक्टर होते जेमतेम २२ टक्के.

मग पुरुष सुरक्षित?

तसे नाही. मनाच्या पाहण्या उत्तर देणाऱ्याच्या शब्दावर चालतात आणि ‘मला उदास वाटते’ हे बहुतेक पुरुष कबूल करत नाहीत. चिडचिड वाढते, कट्ट्यावर जाणे बंद होते, विडी मात्र सुटत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. भारतात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात, हे इथे विसरता येत नाही. थोडक्यात, तिच्या फुप्फुसांकडे दुर्लक्ष होते आणि त्याच्या मनाकडे.

उपाय काय?

श्वसनाचे व्यायाम, चालण्याचा सराव आणि समुपदेशन एकत्र देणाऱ्या पुनर्वसन कार्यक्रमांनी धाप आणि चिंता दोन्ही कमी होतात. मात्र असे कार्यक्रम मोठ्या शहरांबाहेर क्वचितच मिळतात. झोपेच्या किंवा चिंता घालवण्याच्या काही गोळ्या श्वसन मंदावू शकतात, त्यामुळे सीओपीडीच्या रुग्णाने त्या परस्पर घेणे धोक्याचे आहे. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.